बत्तीस पानं

फेक्ला गाते तेव्हा ओळ दोनदा येते.
एकदा तिच्या तोंडून,
आणि ती संपायच्या आत
शेजारच्या चार बायका
शेवटची दोन अक्षरं पकडून
पुन्हा उचलतात ती,
भरली घागर या हातातून त्या हातात द्यावी तशी.

त्या चौघींपैकी एक उरलीय,
तीही वॅर्स्काच्या दवाखान्यात.
म्हणून दुसरी ओळ मी म्हणते. बेसूर.
फेक्ला डोळे मिटते, चालवून घेते.

माझ्याकडे पानं बत्तीस.
त्यातली चार नावागावाची, छापखान्याची.
उरली अठ्ठावीस.
गाणं एकशे नव्वद ओळींचं:

*ओक्से निघाली पाण्याला,
निघाली पाण्याला.
बादली गेली तळाला,
गेली तळाला.*

ती कावळ्याला विचारते, कावळा भाकर मागतो.
भाकर राईला विचारते, राय पाऊस मागते.
पाऊस म्हणतो, माझं पाणी विहिरीत आहे,
ये, वाकून बघ.

गाण्यात झगा म्हणजे नुसता झगा.
ऐकणारा हवा तो रंग घाली.
मला एकच घालायचा होता.
लाल घातला, आणि त्या रात्री
कुणाकुणाचे निळे, करडे, आईच्या जुन्यातून बेतलेले झगे
माझ्या ब्रशखाली विझले असतील,
मोजले नाहीत.

फेक्लानं चित्रावर बोट ठेवलं.
"हे काय छातीवर?"
मी हौसेनं काढलं होतं,
चांदीचं, फुगीर, ताटलीएवढं पदक.
"ते लग्न झालेलीचं. ही पोर आहे.
हिला कशाला एवढी चांदी, बुडवायला?"

विहीर प्रत्यक्ष बघून काढावी म्हटलं.
फेक्लानं टेबलावर साखर सांडली,
चमच्याच्या टोकानं गाव काढलं:
इथे चर्च, इथे गोठा, इथे विहीर,
तिच्यावर पाणी उपसायची लांब लाकडी लाट.
मग गोठा आणि विहीर यांच्यामधून
एक रेघ ओढली.
"गोठा आपल्यात आला," म्हणाली,
आणि रेघेपलीकडची साखर
तळहातानं गोळा करून चहात टाकली.

तार्तूहून मेरिकेचा निरोप आला:
चित्रं सुरेख. शेवट बदल.
पाच वर्षांची मुलं आहेत, तिला घरी आण.

गाण्यात ती येत नाही.
आई सात संध्याकाळी हाका मारते.
आठव्या संध्याकाळी
टेबलावर एक चमचा कमी मांडते.

मी फेक्लाला विचारलं, घाबरत.
ती बटाटे सोलत होती, थांबली नाही.
"हेच गाऊन मी चार पोरं निजवली.
एकही विहिरीत पडलं नाही.
एक गेलं,
ते मोटारसायकलवरून."

शेवटचं पान मी अकरा वेळा काढलं.
पहिल्यात दारात पावलं होती.
चौथ्यात ढगात चेहरा. फाडला.
अकराव्यात टेबल, आईची पाठ,
चमचे.
मेरिकेला तेच पाठवलं, खाली काही न लिहिता.
तिनंही काही लिहिलं नाही. छापलं.

ओबिनित्साच्या वाचनालयात चौदा मुलं बसली,
ओले मोजे, गळकी नाकं.
शेवटच्या पानाशी मी आवाज बारीक केला,
कुणी रडलं तर म्हणून.
इल्मार नावाचा एक पुढे सरकला,
बोटानं चमचे मोजले.
"एक कमी," म्हणाला,
माहिती द्यावी तसं.
मग माझ्या मांडीवरचं पुस्तक
दोन्ही हातांनी धरून
सगळी पानं एका दमात उलटी फिरवली.
"परत."

पहिल्या पानावर ओक्से
लाल झग्यात, फाटक उघडून उभी,
हातात कोरडी बादली.

"परत," तो म्हणाला,
आणि तो संपायच्या आत बाकीच्या तेरांनी
शेवटची अक्षरं पकडली.

फेक्लाला फोनवर सांगितलं.
"बेसूर होती?"
"फार."
बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला.
मग म्हणाली,
"लाट डावीकडे काढलीयस.
उजवीकडे होती."